देव्हाऱ्यातलं पाकीट

गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात लपवायची कल्पना श्रेयाचीच. तिच्या नवऱ्याचा, ऋषिराजचा, त्यात काडीचा दोष नाही. त्याला विचारलं असतं तर त्यानं याहून वाईट जागा सुचवली असती. वडगाव निंबाळकरच्या त्या घरात कपाटाला कुलूप लावायची पद्धत नव्हती, आणि सासूबाई म्हणजे द्वारकाबाई रोज सकाळी काही ना काही शोधत सगळं घर उलथं करायच्या. त्यातल्या त्यात तांदळाचा डबा तेवढा निवांत होता. भाकरी खाणारं घर ते, भात शिजायचा तो पाहुणा आला तर. हे सगळं नीट हेरून श्रेयानं पाकिटं डब्यात तळाशी खुपसली, आणि चौथ्याच दिवशी पाहुणा आला.

आता या गोळ्या आल्याच कशाला, तर एसटीपायी. श्रेया मूळची पळसदेवची. बापाचा ट्रॅक्टर ती शाळेत असल्यापासून हाकायची. लग्न ठरायच्या आधी तिनं एसटीच्या चालक भरतीचा अर्ज भरला होता आणि लग्नाला महिना झाला न झाला तोच निवडीचं पत्र आलं. वर्षभराचं ट्रेनिंग, रोज सकाळी बारामतीला हजर. मध्येच दिवस राहिले की गाडी हातातून गेली, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. घरात मात्र सगळ्यांनी धरलेलं, की पोरगी चार-सहा महिने हौस करील आणि मग गोड बातमी आली की बसेल घरी. सासरे हिंदुराव तर बाहेर कुणी विचारलं तर "कसलं तरी ट्रेनिंग चालू हाय" एवढंच सांगायचे. एसटी हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही.

म्हणून श्रेया गावातल्या आशा सेविकेकडे, योगिनीताईंकडे गेली. योगिनीताईंनी बीपी बघितलं, चार प्रश्न विचारले आणि तीन महिन्यांची तीन पाकिटं हातात दिली. पाळीच्या पाचव्या दिवसापासून सुरू करायच्या, रोज एकाच वेळेला घ्यायच्या. पांढऱ्या एकवीस. शेवटच्या ओळीतल्या सात तपकिरी, त्या नुसत्या रक्तवाढीच्या. त्या दिवसांत पाळी येणार. श्रेयानं सगळं दोनदा म्हणून दाखवलं. गाडीचे गिअरसुद्धा तिनं इतके पाठ केले नव्हते.

तर पाहुणा ओसरीवर, डबा उघडा, आणि द्वारकाबाई पाकीट हातात घेऊन चुलीपाशी उभ्या.

"कसल्या गं गोळ्या ह्या?"

श्रेयाला काही सुचायच्या आतच द्वारकाबाईंचा चेहरा बदलला.

"जागरणासाठी आणल्यास व्हय?"

द्वारकाबाईंना हेच सुचणार होतं. लग्नानंतरचं खंडोबाचं जागरण-गोंधळ दोनदा पुढं गेलं होतं. एकदा भावकीत सुतक आलं आणि दुसऱ्यांदा ऐन त्याच दिवशी श्रेया बाजूला बसली. वाघ्या-मुरळी सांगून ठेवलेले, मंडप आलेला, आणि सगळं परत. तिसरी तारीख आता नऊ दिवसांवर आली होती. आपल्या भागात घरात लग्न-पूजा निघाली की कुणी ना कुणी बाई पाळी पुढं ढकलायची गोळी घेतेच. बाईनं गुपचूप गोळ्या घ्यायच्या त्या देवासाठी, यापलीकडं द्वारकाबाईंना गोळ्यांचा दुसरा उपयोग माहीत नव्हता.

"व्हय," श्रेया म्हणाली. तिचा गुन्हा एवढाच.

द्वारकाबाईंचे डोळे भरून आले. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, की पोटची पोर असती तरी तिनं देवाचा एवढा इचार केला नसता. दुपारपर्यंत ही गोष्ट चुलत जाऊ मनिषापर्यंत गेली आणि संध्याकाळपर्यंत डेअरीवर दूध घालायला आलेल्या सगळ्या बायकांपर्यंत. आणि पाकिटं? देवाच्या कामाची वस्तू तांदळात ठेवतात का कुठं? द्वारकाबाईंनी तिन्ही पाकिटं उचलून देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, खंडोबाच्या टाकामागं.

मग रोज संध्याकाळी सात वाजता दिवा लावून झाला की द्वारकाबाई देव्हाऱ्यातून पाकीट काढायच्या, एक गोळी श्रेयाच्या तळहातावर ठेवायच्या आणि वर तांब्यातलं पाणी द्यायच्या. गोळी गिळली की स्वतः देवाला नमस्कार करायच्या. एका दिवसाचा खाडा नाही, पाच मिनिटं इकडं-तिकडं नाही. ऋषिराज हे बघून पहिल्या दिवशी इतका घाबरला की गोठ्यात जाऊन बसला. श्रेयाला हसू यायचं, मग लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा आधारही वाटायचा. कुणीतरी आपली गोळी इतक्या मायेनं लक्षात ठेवतंय, असं भाग्य किती जणींचं असतं?

पण एक गोष्ट श्रेयाला कळली नव्हती. द्वारकाबाईंनी कात्री घेऊन पाकिटाची शेवटची ओळ गुपचूप कापून घेतली होती. द्वारकाबाई सेहेचाळीस वर्षांच्या. त्यांचा महिना कधी येईल हे पंचांग लिहिणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. जागरणात आपल्यालाही अडचण नको, म्हणून त्यांनी हिशेब केला, की सुनेला तीन आठवडे पुरेत, आपल्याला सात दिवस पुष्कळ. आणि त्या रोज पहाटे, धारा काढायच्या आधी, एक तपकिरी गोळी घेऊ लागल्या.

जागरणाच्या दिवशी सकाळीच त्यांची पाळी आली.

बाई दिवसभर पडवीच्या कोपऱ्यात बसून राहिल्या. तळी श्रेयानं भरली, ओट्या श्रेयानं भरल्या, दिवटी श्रेयानं धरली. सातची गोळीसुद्धा त्या चार दिवसांत देव्हाऱ्यातून ऋषिराजनं भीत भीत काढून दिली. सगळी भावकी सुनेचं कौतुक करत होती आणि द्वारकाबाई लांबून बघत होत्या. त्यांना सुनेचा अभिमानही वाटला आणि रडूही आलं. एकाच पाकिटातल्या गोळ्या, सुनेला लागू पडल्या आणि आपल्याला नाही. देवाचा काहीतरी राग असणार आपल्यावर, असं त्यांनी मनाशी धरलं आणि कुणाला सांगितलं नाही.

जागरण झाल्यावर द्वारकाबाई म्हणाल्या, "झालं देवाचं काम. आता बंद कर गोळ्या. उष्ण पडत्यात."

पाकीट अर्ध्यावर सोडलं तर त्रास होतो, ते पुरं करावंच लागतं, असं श्रेयानं कसंबसं सांगितलं. देवासाठी घेतलेलं अर्ध्यावर टाकू नये, हे द्वारकाबाईंनाही पटलं. पांढऱ्या संपल्या तेव्हा द्वारकाबाईंनी "संपल्या गं" म्हणून हात झटकले, आणि तपकिरी कुठं गेल्या हे विचारायची श्रेयाची छाती झाली नाही.

आता दुसऱ्या पाकिटाचं काय? ते तर खंडोबाच्या ताब्यात. नवीन मागायला श्रेया योगिनीताईंच्या घरी गेली, तर तिथं मनिषा चहा पीत बसलेली. श्रेया पोलिओच्या डोसाची तारीख विचारून परत आली, घरात मूल नसताना. ट्रेनिंग सुटल्यावर स्वतः मेडिकलला थांबलं की जीप चुकायची, म्हणून मग ऋषिराजला बारामतीच्या मेडिकलमध्ये पाठवलं. बारामतीत त्या वेळेला वडगावची चार माणसं नेमकी त्याच काउंटरवर उभी. गडी खोकल्याच्या गोळ्या घेऊन घरी आला. नवं पाकीट सुरू करायचा दिवस तर दोन दिवसांवर आला होता.

शेवटी श्रेया सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "आत्या, नव्या गोठ्याचा सत्यनारायण घालायचा राहिलाय न्हवं?"

द्वारकाबाईंनी तिच्याकडं असं बघितलं, की श्रेयाला मान खाली घालावी लागली. एवढी देवधर्माची सून. गोठा बांधून वर्ष झालं, घरच्या एका माणसाला आठवण नाही. तारीख काढली, पंधरा दिवसांनंतरची. देव्हाऱ्यातून दुसरं पाकीट निघालं. कात्रीही निघाली.

सत्यनारायण झाला. द्वारकाबाई त्याही दिवशी पडवीतच. आणि पुढच्या महिन्यात नऊ दिवसांची पोथी लागली. तीही श्रेयाच्याच सांगण्यावरून. पोथी वाचायला बसवलं हिंदुरावांना, कारण घरात चष्मा लावून वाचणारे तेच एक.

आता हिंदुरावांची गोष्ट अशी, की त्यांना रविवारी भिगवणची मासळी लागायची. जागरणाच्या आधी आठ दिवस घरात मासळी बंद झाली, ती सत्यनारायणासाठी बंदच राहिली आणि पोथीसाठी तर विचारायलाच नको. पोथीच्या नऊ दिवसांत तंबाखूही वर्ज्य. चौथ्या दिवशी त्यांनी पोथी मिटून बायकोला विचारलं, "आपण माळकरी झालोय का? झालो असलो तर मला सांगा तरी." द्वारकाबाईंनी त्यांना पुढचा अध्याय उघडून दिला.

गावात मात्र श्रेयाचं नाव झालं. कुणाकडं आरती असली की हिला बोलावणं. "एवढं देवाचं करती, देव हिला लवकर पाळणा दील," असं प्रत्येक बाई तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची. श्रेया वाकून नमस्कार करायची, आणि सात वाजता सासूच्या हातून गोळी घ्यायची. बारामतीच्या मैदानावर एसटी रिव्हर्स घ्यायला तिला भीती वाटत नव्हती, पण त्या आशीर्वादांची वाटायला लागली होती. खोटं एका शब्दाचं होतं आणि त्याच्यावर आता तीन पूजा उभ्या होत्या. सगळ्यांत वाईट हे, की द्वारकाबाई तिच्याशी दिवसेंदिवस जास्तच चांगल्या वागत होत्या. पहाटे तिचा डबाही त्याच करून द्यायला लागल्या होत्या.

पोथीच्या पाचव्या दिवशी द्वारकाबाईंची पाळी परत आली. तिसऱ्यांदा. नवव्या दिवशी, म्हणजे समाप्तीच्या सकाळी, डोक्यावरून पाणी घेऊन त्या डेअरीवर दूध घालायला गेल्या आणि येताना तशाच योगिनीताईंच्या दारात उभ्या राहिल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी कापलेली रिकामी ओळ काढली आणि विचारलं, की ह्या गोळ्या माझ्या सुनंला लागू पडत्यात, मग मला का न्हाईत?

योगिनीताईंनी ओळ बघितली आणि सरळ मनानं सांगून टाकलं, की काकू, ह्या तपकिरी तर रक्तवाढीच्या, ह्यांनी पाळी कशी थांबेल? दिवस न राहण्याच्या त्या पांढऱ्या. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. त्यांनी जीभ चावली. पुढची दहा मिनिटं त्या, गोळ्या कुणाला दिल्या हे आपल्याला अजिबात आठवत नाही, असं सांगत राहिल्या. द्वारकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, रिकामी ओळ परत पिशवीत ठेवली आणि घरी आल्या.

त्या दिवशी श्रेयानं ट्रेनिंगची सुट्टी काढली होती. सासूबाई आत आल्या तेव्हा तिनं त्यांचा चेहरा बघितला आणि तिला कळलं. कसं कळलं विचाराल, तर द्वारकाबाई देव्हाऱ्यापाशी गेल्या, टाकामागचं पाकीट काढलं, पांढऱ्या गोळ्या एकेक बोट ठेवून मोजल्या आणि परत ठेवलं. मग लापशीचा गूळ चिरायला बसल्या. श्रेया त्यांच्या समोर बसून चूल फुंकत होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं कुणी काही विचारलं नाही. तिला दिसत होतं, की आता सगळं संपलं. गाडी गेली, आणि गाडीपेक्षा मोठं म्हणजे ही बाई गेली.

दुपारी भावकी जेवायला बसली. बायका आतल्या खोलीत, गडी ओसरीवर. लापशी वाढून झाली आणि मनिषानं विषय काढलाच. तीन तीन पूजा झाल्या अक्का, तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, आता तरी पाळणा हलायला पायजे होता. पोरीला बारामतीला डॉक्टरीणबाईकडं न्या. आणि ती एसटी आधी सोडवा, दिवसभर असले हादरे खाऊन गर्भ ऱ्हाईल का? माना हलल्या. एक-दोघींनी आपापले डॉक्टरही सुचवले. श्रेयाच्या हातात आमटीचं भांडं होतं. ते तिनं खाली ठेवलं. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

"नवस हाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या.

"खंडोबाला बोललीय मी. सुनंच्या हातात एसटी आल्याबिगर ह्या घरात पाळणा बांधायचा न्हाय."

मनिषा म्हणाली, "असला कसला नवस, अक्का?"

"देवानं घेतला. मी काय करू?"

पण मनिषा ती मनिषाच. तिनं नवसाचा नेम काय म्हणून विचारलं. नेमाबिगर नवस कुठं असतो? द्वारकाबाईंनी लापशीची पळी परातीत ठेवली आणि शांतपणे सांगितलं, की नेम दोन हायत. पहिला, नवस पुरा हुईस्तोवर पाळण्याचा विषय जो कुणी काढंल, त्याच्या घराला दोष लागंल. मनिषानं हातातला घास तसाच ठेवून दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. तिच्यामागं बाकीच्यांनीही धरल्या.

दुसरा नेम सांगायच्या आधी द्वारकाबाईंनी दारातून ओसरीकडं बघितलं. पोथीची समाप्ती झाली होती. हिंदुरावांनी नऊ दिवसांनंतर पहिल्यांदा चंची उघडली होती आणि डाव्या तळहातावर तंबाखू घेऊन ते आनंदानं चुना लावत होते.

"दुसरा," द्वारकाबाई आवाज चढवून म्हणाल्या, "तवर घरातल्या कर्त्या पुरुषानं तंबाखूला हात लावायचा न्हाय."

हिंदुरावांचा अंगठा जागच्या जागी थांबला. सगळी पंगत त्यांच्याकडं बघत होती. देवाचं काम म्हटल्यावर माणूस करणार काय? त्यांनी तळहात अंगणात झटकला आणि हात धुवून आले.

माणसं पांगल्यावर सासू-सुना भांडी घेऊन मोरीवर बसल्या. मग द्वारकाबाई म्हणाल्या, "तू माझ्याशी खोटं बोललीस."

"व्हय, आत्या."

"देवाचं नाव लावून."

श्रेया रडायला लागली. माफी मागितली, परत मागितली. मग नाक पुसून तिनं विचारलं, की तुमी आज माझ्यासाठी सगळ्यांपुढं खोटं का बोललात?

"मी न्हाय खोटं बोलले. सकाळी योगिनीकडनं येताना देवळापुढं उभी ऱ्हायले आन खरंच बोलून आले." द्वारकाबाई कढई घासत राहिल्या. "राग लई आला हुता तुझा. देवळापर्यंत हुता. मग आठवलं, ऋषी झाला तवा मी इसाची. त्याच्या पाठीवर दोन वर्षांत दोन. मला बारामतीला शिवणकाम शिकायला जायचं हुतं, नाव घातलं हुतं. मला कुणी इचारलं न्हाय. आन कुणाला इचारायचं असतंय, हे मला बी म्हाईत न्हवतं." त्यांनी घासलेली कढई पालथी घातली. "तुला म्हाईत हाय. लई बरं झालं, पोरी. फकस्त पुढच्या बारीला मला सांग. पूजा नको घालू. कंबर मोडली माझी."

श्रेयानं राखेचे हात तसेच त्यांच्या गळ्यात टाकले. द्वारकाबाई लुगडं खराब झालं म्हणून ओरडल्या, पण हात काढले नाहीत. आणि सात वाजता, दिवा लावून झाल्यावर, गोळी नेहमीसारखी तळहातावर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला श्रेया ट्रेनिंगला निघाली तर अंगणात हिंदुराव मोटारसायकल सुरू करून बसलेले. आजवर ती वडापच्या जीपनं जायची आणि त्यांनी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. "बस," ते म्हणाले. "उशीर नको व्हायला." बारामतीच्या मैदानावर पोचल्यावर ते थेट शिकवणाऱ्या सरांकडं गेले, हातातली पेरूची पिशवी पुढं केली आणि हे वर्षाचं ट्रेनिंग सहा महिन्यांत बसवता येईल का, म्हणून चौकशी केली. सर म्हणाले, तसं नियमात नाही. हिंदुरावांनी तोंडातली बडीशेप या गालातून त्या गालात घेतली.

"मग एक करा सर. पोरीला जादा येळ गाडीवर बसवा, सुट्टीच्या दिवशी बी मी आणून सोडतो. घरात देवाचं हाय."

आणि ते परत न जाता तिथंच कडुनिंबाखाली पटका टाकून बसले. श्रेयानं गाडी फिरवली की उठून उभे राहायचे. तिनं ती रिव्हर्समध्ये बरोबर दोन खांबांच्या मधे नेऊन लावली, तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला ढोसून म्हणाले, "आमची सून."

श्रेयाला काचेतून ते दिसलं. तीन महिन्यांत तिनं देवापुढं शंभरदा हात जोडले असतील. मनापासून जोडले ते त्या सकाळी, एसटीच्या सीटवर, पाय क्लचवर ठेवून, आणि शेजारून सर खेकसले, की बाई, आधी हात स्टेअरिंगवर ठेवा.